चोर कोण ते सांगायचं का? न वाचणारा मुलगा आणि रहस्यकथा

नमस्कार ताई,

तुमच्या प्रश्नातून मला काय कळलं ते आधी मांडते. मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात, यंदा चौथीत जाणार. घरात मराठी, खाली पोरांसोबत हिंदी. गोष्ट ऐकायला आवडते, पण पुस्तक हातात घे म्हटलं की त्याला तहान लागते, मग शू लागते, मग झोप येते. रहस्यकथा तरी वाचेल या आशेनं तुम्ही इंग्रजी पुस्तकांचा एक संच आणि 'फास्टर फेणे'ची दोन पुस्तकं आणलीत. तो दोन पानं ओढूनताणून वाचतो आणि म्हणतो, "आई, चोर कोण ते सांगून दे ना." यावर तुमचे चार प्रश्न आहेत. चोर सांगायचा की नाही, मराठी वाचायला लावू की इंग्रजी, आधी सिनेमा दाखवला तर पुस्तकातली मजा जाईल का, आणि आजोबांच्या "आम्ही तुझ्या वयात रात्र रात्र वाचत होतो"चं काय करायचं.

मीही नागपूरचीच. घरच्या पुढच्या खोलीत मुलांचं वाचनालय चालवते, त्याआधी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. वाचायला आवडणारी मुलं माझ्याकडे आपली आपण येतात. न आवडणाऱ्यांना त्यांच्या आया घेऊन येतात, आणि ती चप्पल न काढता दारातच उभी राहतात. पुढे जे सांगते आहे ते बहुतेक या दारातल्या मुलांकडून शिकलेलं आहे.

"चोर कोण ते सांग" हे मला तुमच्या सगळ्या मजकुरात सर्वांत आशेचं वाटलं. ज्याला गोष्टीशी देणंघेणं नाही तो शेवट विचारत बसत नाही, पुस्तक पालथं टाकून निघून जातो. तुमच्या मुलाला उत्तर हवं आहे, फक्त तिथवरचा रस्ता त्याला झेपत नाही. या वयात वाचनाची सगळी ताकद अजून अक्षरं जुळवण्यातच जात असेल, तर मुलाची अवस्था कच्च्या रस्त्यावरून सायकल ढकलणाऱ्यासारखी होते. सगळं लक्ष चाकाकडे, आजूबाजूला बघायला सवड नाही. आणि रहस्यकथेची तर सगळी गंमत आजूबाजूला बघण्यातच असते.

त्यामुळे पुस्तकं बदलण्याआधी एक साधी चाचपणी करून घ्या. घरात पाहुणे नाहीत, कुणी घाईत नाही अशा वेळी त्याला न वाचलेलं एक मराठी पान आणि एक इंग्रजी पान मोठ्यानं वाचायला सांगा. चुका दुरुस्त करू नका. तो अडखळला की आपलं एक बोट दुमडा, त्याला दिसणार नाही असं. पानभरात एखाद-दुसरं बोट दुमडलं तर ते पुस्तक तो एकटा वाचू शकेल. पाचही दुमडली तर ते सध्या सोबतीनं वाचायचं पुस्तक आहे. दोन्ही भाषांत अडत असेल, ओळ सुटत असेल, पुस्तक नाकाशी नेत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या. डोळे ठीक असूनही, बोलण्यात चुणचुणीत असलेला मुलगा वाचताना आणि लिहिताना सतत गोंधळत असेल, आणि हे बऱ्याच काळापासून तसंच चालत आलं असेल, तर शाळेच्या समुपदेशकांशी बोला. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि त्याचं प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर मिळतं, म्हणजे तुमच्या मुलाचं वय त्यासाठी लहान नाही. बहुतेक मुलांत असं काही निघत नाही, निव्वळ सवय नसते. तरी हे आधी पाहिलेलं बरं. नाही तर आपण वर्षानुवर्षं त्याला आळशी म्हणत राहतो.

आता मुख्य मुद्दा. "पहिली दोन पानं तू वाच, दमलास की मी वाचते" अशी आपल्या सगळ्यांच्या घरची पद्धत असते. रहस्यकथेत ती उलटी करावी लागते. पहिली पानं सर्वांत अवघड असतात. एकामागून एक माणसं येतात, कोण कुणाचा मामा, कोण जुना नोकर, वाड्याचं मागचं दार कुठं उघडतं, हे सगळं तिथेच कोंबलेलं असतं. आणि घडलेलं मात्र अजून काहीच नसतं. म्हणजे मेहनत सर्वांत जास्त आणि उत्सुकता सर्वांत कमी. शेवटाकडे याच्या नेमकं उलट. नावं ओळखीची झालेली, जागा डोळ्यांसमोर असलेल्या, तेच तेच शब्द शंभरदा कानावरून गेलेले, आणि उत्तर हवं म्हणून जीव वरखाली होत असतो. म्हणून सुरुवात तुम्ही वाचा आणि शेवट त्याला वाचू द्या.

करायचं असं. पहिलं पुस्तक जवळजवळ अख्खं तुम्ही मोठ्यानं वाचायचं. तो लोळत ऐको, छताकडे बघत ऐको, काही म्हणू नका. ज्या पानावर भेद उघडणार अशी चाहूल लागते, तिथे पुस्तक त्याच्या हातात द्यायचं. "आता तू सांग मला, कोण आहे तो." त्याक्षणी तुमचा "चोर कोण ते सांग" हा प्रश्नच सुटतो, कारण सांगण्याचं काम त्याच्याकडे गेलं.

हे जवळून कसं दिसतं ते सांगते. माझ्याकडे एक मुलगा होता, मराठी जोडाक्षर आलं की पान उलटून टाकणारा. शेवटचं पान हातात दिलं तेव्हा त्यानं वाचलं नाहीच, बोट फिरवत नाव शोधलं. तिसऱ्या परिच्छेदात नाव सापडलं, ओरडला, "पाहा मॅडम, मी म्हटलं होतं, हा मुनीमच खोटं बोलून राहिला!" आणि लगेच गप्प झाला. मग म्हणाला, "पण त्याले कळलं कसं?" आणि बोट परत वर गेलं. या खेपेला तो एकेक शब्द लावत होता, 'कुलूप', 'किल्ली', 'दुसऱ्या', आणि 'दुसऱ्या'पाशी अडून माझ्याकडे बघितलं. मी शब्द सांगितला आणि पुढे काहीच बोलले नाही. त्या अर्ध्या पानाला बराच वेळ लागला, पण तेवढा वेळ त्याला तहान लागली नाही.

पुढच्या पुस्तकात शेवटचं पूर्ण प्रकरण त्याचं. त्याच्या पुढच्यात शेवटची दोन. असं मागून पुढे सरकत यायचं. मधल्या भागात त्याला काही द्यायचंच असेल तर फक्त एका पात्राचे संवाद द्या, शक्यतो रुबाबदार पात्राचे. संवादांची वाक्यं छोटी असतात आणि त्यात थोडी नक्कल करता येते. किती पुस्तकांनंतर तो पहिलं पान स्वतः उघडेल हे मी सांगू शकत नाही. काही मुलं तिसऱ्याच पुस्तकाला धीर न धरता रात्री गुपचूप पुढे वाचून मोकळी होतात, काहींना वर्ष लागतं.

आता चोर सांगायचा की नाही ते. तुम्ही तो स्वतःच माहीत करून घेऊ नका. पुस्तक चाळून बघा, भाषा जमण्यासारखी आहे का, खूनखराबा किंवा भुताटकी त्याला झेपेल का, एवढं बघा, पण शेवट वाचू नका. मुलांना आपलं खोटं कुतूहल लगेच कळतं. "अगं बाई, कोण असेल बरं?" असा नाटकी सूर लागला की ती समजतात, ही परीक्षा आहे. तुम्हालाही खरोखर माहीत नसेल तर तुम्ही दोघं एका पातळीवर येता, आणि पुष्कळदा तो तुमच्या आधी ओळखतो. त्या वेळचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यानं शेवटचं पान आधीच चोरून वाचलं तर रागवू नका. काही मुलांना टांगणी सोसतच नाही. शेवट कळला की ती निश्चिंत होऊन "हा सापडतो कसा" हे बघायला पुन्हा बसतात. तसं वाचणंही मला मान्य आहे. फक्त "मला सांगू नकोस हं" एवढं बजावा, आणि मग त्याच्या पोटात ते गुपित कसं राहतं ते बघत बसा.

वाचताना "काय समजलं?" आणि "या शब्दाचा अर्थ काय?" हे दोन प्रश्न तोंडातून काढायचे नाहीत. ते शाळेचे प्रश्न आहेत. त्याऐवजी "तुझा कुणावर संशय आहे?" किंवा "तो बाहेर गेला होता तर छत्री कोरडी कशी?" असं विचारा. शब्दाचं अडलं असेल तर इथे ते आपोआप बाहेर येतं. आणि मध्येमध्ये तुमचाही संशय जाहीर करा, तो चुकीचा निघाला तर फारच छान.

नावांचा गोंधळ हे मुलांनी रहस्यकथा सोडून देण्याचं मोठं कारण आहे, आणि ते कारण ती कधी सांगत नाहीत. एखादी जुनी लग्नपत्रिका घ्या, तिच्या कोऱ्या बाजूवर संशयितांची यादी करा आणि ती पुस्तकातच खूण म्हणून ठेवा. नाव, नातं, आणि 'चोरीच्या वेळी कुठे होता' एवढंच. लिहायचं त्यानं, शुद्धलेखनाकडे तुम्ही कानाडोळा करायचा. एखाद्याला निर्दोष ठरवून त्याच्या नावावर काट मारण्यात मुलांना काय सुख मिळतं, मला अजून उलगडलेलं नाही.

थांबायचं कुठे, हेही ठरवून ठेवा. प्रकरण संपलं की थांबू नका, नव्या प्रकरणाचं एखादं पान वाचून ऐन मोक्याला थांबा. "अजून एक पान" म्हणाला तर एकच पान वाचा. मे महिन्याची दुपार वाचनाला मिळते खरी, अकरा ते पाच मुलं घरातच कोंडलेली असतात, पण आपल्याकडच्या कुलरच्या घरघरीत मोठ्यानं वाचून घसा बसतो आणि त्याला अर्धं ऐकूही जात नाही. दुपारी यादी, चित्रं, नकाशे असलं काही होऊ द्या. वाचन रात्री, गच्चीवर किंवा कुलर जरा बंद करून. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली.

पुस्तकांचं बोलायचं तर 'रहस्यकथा' या एकाच पाटीखाली बरेच वेगळे प्रकार असतात, आणि मूल कुठल्या प्रकारचं आहे यावर बरंच अवलंबून असतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा धावपळीचा मामला आहे. पुण्याच्या विद्याभवनातला बनेश फेणे, सायकल, पाठलाग, आणि तोंडातून निघणारं ते 'ट्टॉक'. मोठ्यानं वाचायला यासारखं दुसरं नाही, कारण ट्टॉक करायचं काम पहिल्याच दिवशी पोराकडे देता येतं. पण लक्षात घ्या, त्यात डोकं लावून उत्तर शोधण्यापेक्षा साहस जास्त आहे, आणि बोलणं त्या काळच्या पुण्याचं आहे. आपली पोरं "फुरसुंगी म्हणजे कुठं आलं?" इथेच अडतात. वाचता वाचता तुम्ही एखादा शब्द खुशाल बदला. भागवत रागावणार नाहीत.

ज्या मुलाला वाद घालायला, चुका काढायला आवडतात त्याला कोडंच हवं असतं. डोनाल्ड सोबोल यांची 'एन्सायक्लोपीडिया ब्राऊन' ही मालिका (पहिलं पुस्तक १९६३चं) अशा मुलासाठी फार सोयीची. आयडाव्हिल गावच्या पोलीसप्रमुखाचा मुलगा चार-पाच पानांत एक प्रकरण सोडवतो, एका पुस्तकात अशी दहा प्रकरणं, आणि उत्तरं पुस्तकाच्या शेवटी वेगळी छापलेली. मी वर सांगितलेल्या पद्धतीला यापेक्षा चांगली सोय नाही. प्रकरण तुम्ही वाचा, उत्तराचं पान त्यानं उघडायचं. यातली काही उत्तरं अमेरिकेतल्या चालीरीती माहीत असल्याशिवाय सुटत नाहीत, ती प्रकरणं सरळ गाळा.

बंगाली लेखक-दिग्दर्शक सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा ही खरी तपासाची शाळा. राय यांनी तो १९६५ पासून 'संदेश' या मुलांच्या मासिकासाठी लिहिला. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद मिळतात. गोष्ट सांगणारा तोपशे हा पोरगाच आहे आणि फेलूदाला जे दिसतं ते त्यालाही दिसतं, फक्त अर्थ लागत नाही. ऐकणारं मूल तोपशेच्या शेजारी जाऊन बसतं. पण काही कथांत खून आहेत आणि पात्रंही पुष्कळ, म्हणून नऊ वर्षांच्या मुलासाठी मी तो पुढच्या वर्षावर ठेवीन, किंवा अगदी पूर्णपणे तुम्हीच वाचणार असाल तर आत्ता.

शेरलॉक होम्सची सगळी पुस्तकं या वयाची नाहीत. पण 'निळ्या माणका'ची १८९२ची कथा घ्या. खून नाही, चोरलेलं रत्न आहे आणि नाताळचा हंस आहे. त्यात होम्स एका जुन्या टोपीवरून मालकाची कुंडली मांडतो. टोपीवर साचलेल्या धुळीवरून बायकोचं प्रेम आटल्याचं सांगतो, मेणबत्तीच्या डागांवरून घरात गॅसचा दिवा नसल्याचं. सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच. हा भाग वाचून झाला की मी मुलांना दारातल्या चपला बघायला पाठवते. एकदा एका जोडीतल्या उजव्या चपलेचा पुढचा भाग झिजून पातळ झालेला होता, डावी मात्र धड होती. सगळे म्हणाले, लंगडत असेल. कोपऱ्यात बसणारा एक पोरगा म्हणाला, "लंगडत नाही, हा सायकलचा ब्रेक पायानं मारते." चपलेचा मालक खोलीतच होता आणि सायकलला ब्रेक नव्हते. हे ओळखणारा पोरगा वर्गात वाचनात सर्वांत मागे होता. हळू वाचणाऱ्या पोरांची नजर बारकाव्यांवर टिकते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि रहस्यकथा हा वाङ्मयाचा असा प्रांत आहे जिथे घाईनं वाचणारा हमखास फसतो. तुमच्या मुलाला हे एकदा सांगून बघा.

भाषेबद्दल. त्याचं मराठी सुधारावं ही तुमची इच्छा मला समजते, पण वाचनाची गोडी आणि मराठी असे दोन पक्षी एकाच दगडात मारायला जाऊ नका. तुम्ही वाचाल ते मराठीत असू द्या, कारण घरची भाषा कानाला जड जात नाही. तो स्वतः जे पान वाचेल ते ज्या भाषेत बोटं कमी दुमडली त्या भाषेतलं. इंग्रजी पुस्तक तुम्ही वाचता वाचता मराठीतून सांगितलंत आणि त्यानं शेवट इंग्रजीत वाचला, तरी चालतं. मराठीत स्वतःचं काही हवं असेल तर 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीनं फुकट वाचायला ऑनलाइन ठेवले आहेत. मासिक १९७१ पासूनचं, त्यामुळे निवडायला भरपूर आहे. गोष्टी छोट्या आहेत, अक्षर मोठं आहे. सीताबर्डीत जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही चक्कर मारा, मुलाला घेऊन. पुस्तक त्यालाच निवडू द्या, फाटकं असलं तरी.

सिनेमाचं उत्तर सिनेमागणिक बदलतं. २०१७चा 'फास्टर फेणे' बघितल्यानं पुस्तकं उघडी पडत नाहीत, कारण त्यात फेणे मोठा झालेला आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला. पण त्यात एका विद्यार्थ्याचा मृत्यू आहे आणि सगळा विषयच वयानं मोठ्या मुलांचा आहे, तेव्हा घाई नको. फेलूदाच्या कथेवरच्या, राय यांच्या १९७४च्या 'सोनार केल्ला'चं उलट आहे. खलनायक कोण हे त्यांनी सिनेमात लवकरच दाखवून टाकलं, कथेत मात्र ते झाकून ठेवलं आहे. तिथे आधी पुस्तक, मग सिनेमा. एरवी सिनेमा आधी पाहिला म्हणून वाचणं सुटलं असं मी तरी पाहिलेलं नाही. पात्रांचे चेहरे डोळ्यांसमोर असले तर अडखळणाऱ्या वाचकाला उलट मदतच होते.

आजोबांना कामाला लावा. ते ज्या पिढीचे आहेत त्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले नायक झुंजार आणि काळा पहाड नक्की वाचले असतील. ती पुस्तकं आज नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात देण्यात अर्थ नाही, पण आठवतील तशी तोंडी सांगायला काय हरकत आहे? एका अटीवर. शेवट सांगायचा नाही, दुसऱ्या दिवसावर ठेवायचा. आणि तुम्ही रात्री वाचाल तेव्हा त्यांना चुकीचा संशय घ्यायची जबाबदारी द्या. आजोबा ठामपणे बागवानाला चोर म्हणताहेत आणि नातू लग्नपत्रिका दाखवून त्यांना खोडून काढतोय, अशा घरात "आमच्या वेळी" ऐकायला कुणाला वेळ राहत नाही.

घराबाहेरही थोडं न्या. झिरो माइलच्या खांबावर कोरलेली गावांची नावं आणि अंतरं वहीत उतरवून घ्यायला सांगा, शेजारचे चार घोडे मोजू द्या, आणि मग म्हणा, यातला एक घोडा रात्रीतून गायब झाला तर तू सुरुवात कुठून करशील? अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या वस्तुसंग्रहालयातही हा खेळ जमतो. सीताबर्डीचा किल्ला मात्र सैन्याच्या ताब्यात असल्यानं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतो. एरवी बंद असलेली जागा म्हणून मुलांना तो आणखीच संशयास्पद वाटतो, हा आपला फायदा.

राहिला तुमचा संच. कपाटात ओळीनं उभी असलेली तेवढी पुस्तकं त्याला घरचा अभ्यास वाटत असणार. एक ठेवून बाकीची त्याच्या नजरेआड करा. जे ठेवाल ते सर्वांत पातळ, संच कितव्या भागापासून सुरू होतो याची पर्वा न करता. विदर्भातल्या शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो, तेवढ्यात दोन-तीन पुस्तकं या पद्धतीनं आरामात होतात. शाळा सुरू झाली की रोजचा हट्ट सोडा, शनिवार-रविवारवर या. आणि एवढं करूनही त्याला चोर-पोलिसांत रस वाटला नाही, तर प्राण्यांची, क्रिकेटची, यंत्रांची पुस्तकं घ्या. तिथे शेवटचं पान ही युक्ती चालत नाही, तेव्हा चित्राखालची ओळ त्याला वाचू द्या आणि बाकीचं तुम्ही वाचा.